ओलं एकीकडे, गळती दुसरीकडे

गाडीखाली तेलाचा डाग दिसतो. गाडी गॅरेजला जाते. मिस्त्री खाली वाकून टॉर्च मारतो, सगळ्यात ओला भाग हेरतो आणि सांगतो, "चेंबरचं पॅकिंग गेलंय." इंजिनाच्या तळाचा तेलाचा चेंबर उतरतो, नवं पॅकिंग बसतं, बिल चुकतं होतं. काही दिवसांनी त्याच फरशीवर पुन्हा डाग. मग क्रँकचं सील, मग गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा, आणि शेवटी "आता वय झालंय गाडीचं, थोडं गळणारच" असा निकाल. यात कुणी फसवलेलंच असतं असं नाही. चूक पहिल्याच पायरीवर झालेली असते. जिथे तेल दिसलं तिथूनच ते गळतंय, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

तेल खाली ओघळतं आणि गाडी धावत असताना वाऱ्याने व रेडिएटरच्या पंख्याने मागे ढकललं जातं. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून झिरपलेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब धरतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं क्रँकचं मागचं सील गेलं. कोकणातल्या घरात कौल फुटतं माजघरावरचं आणि थेंब पडतो पडवीत. पाणी वाशावरून कुठवर वाहत येईल ते सांगता येत नाही. म्हणून शोध खालून वर आणि मागून पुढे घ्यावा लागतो, सगळ्यात उंचावरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू सापडेपर्यंत. ऑइल गळतीवर वाया जाणारा बहुतेक पैसा या शोधाला फाटा देऊन खोलाखोल करण्यात जातो, असं माझं ठाम मत आहे. त्याला एक कारण आपण गाडीवाले आहोत. आपण पॅकिंगचे पैसे देतो, खोलण्याबसवण्याची मजुरी देतो, पण तासभर नुसतं बघण्याचे पैसे द्यायला कुरकुरतो.

पहिला प्रश्न असा की जे गळतंय ते इंजिन ऑइलच आहे का. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवला की सकाळी निम्मं उत्तर मिळतं. एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि त्याला वास नसतो. कुलंट हिरवा, गुलाबी किंवा निळा, बोटाला किंचित चिकट, वासाला गोडसर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आणि बऱ्याच पॉवर स्टिअरिंगचं तेल लालसर. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो, आणि तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. इंजिन ऑइल नवं असताना मधासारखं, जुनं झाल्यावर तपकिरी. डिझेल गाडीत मात्र ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, म्हणून तिथे रंगावर विसंबू नये. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवल्या तर थेंब इंजिनाच्या कोणत्या बाजूला पडला तेही कळतं.

दुसरा प्रश्न, तेल गळतंय की जळतंय? डिपस्टिकवरची पातळी उतरते, खाली डाग मात्र नाही, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. अशा वेळी पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो संशयात येतात. तो वेगळा विषय आहे. गळतीत डाग मोठा आणि तूट लहान असते. दर मिनिटाला एक थेंब या वेगाने दिवसभर तेल गळलं तर १,४४० थेंब होतात, म्हणजे साधारण ५० मिलिलिटर. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेमध्ये लिटरभराचं अंतर असतं. म्हणजे इतकी गळती अखंड चालू राहिली तरी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेपर्यंत यायला जवळजवळ तीन आठवडे लागतील. डाग बघून घाबरलेल्या माणसाला हा हिशेब धीर देतो. पातळी मात्र सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून बघावी, आणि तारीख व किलोमीटरसह लिहून ठेवावी.

हा धीर प्रत्येक गळतीला लागू नाही. इंजिनात तेल दोन तऱ्हांनी असतं. पंपापासून फिल्टर, बेअरिंगं आणि टर्बोपर्यंत ते दाबाखाली असतं. गरम इंजिनात आयडलला एक बारच्या आसपास, वेगात तीन ते पाच बार. तिथून सुटल्यावर ते टॅपेट कव्हरखाली उडतं, भिंतींवरून ओघळतं आणि दाबाविना चेंबरमध्ये परततं. दुसऱ्या तऱ्हेचं तेल झिरपतं, आणि गाडी उभी असतानाही झिरपतं. पहिल्या तऱ्हेचं इंजिन चालू असतानाच जोरात निघतं आणि फिल्टरची रिंग फाटली असेल तर काही मिनिटांत चेंबर रिकामा करू शकतं. म्हणून गळती उभ्या गाडीत होते की चालत्या, हे मिस्त्रीला आवर्जून सांगावं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. चालत्या गाडीत तो लागला की बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. पुढचा पेट्रोल पंप कितीही जवळ असला तरी.

इंजिन मुळात गळतं का? कारण ते एका ओतीव ठोकळ्याचं नसतं. ब्लॉक, हेड, कव्हर, चेंबर असे तुकडे बोल्टने जोडलेले असतात आणि त्यांतून फिरते दांडे बाहेर येतात. स्थिर जोडाला पॅकिंग लागतं, फिरत्या दांड्याला सील. जुन्या गाड्यांत कॉर्कचं पॅकिंग असे, ते वाळून भेगाळायचं. क्रँकच्या मागच्या टोकाला कित्येक इंजिनांत ग्राफाइट लावलेला दोर बसवत. २०१४ पर्यंत तयार होत राहिलेल्या अँबॅसडरचं दीर्घकाळ वापरलेलं पेट्रोल इंजिन ब्रिटिश बीएमसी बी-मालिकेतलं. तीन बेअरिंगांच्या त्या इंजिनात मागे ओठाचं सीलच नव्हतं. क्रँकवर उलट्या आट्यांची खाच असे आणि फिरताना ती तेल आत परतवी. इंजिन थांबलं की हे परतवणं थांबे, आणि अशा जोडाखाली थोडं तेल दिसणं त्या आराखड्यातच धरलेलं होतं. "जुनी गाडी गळणारच" ही आपली समजूत या पिढीच्या गाड्यांनी रुजवली. त्याच पिढीतली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून कायमची गेली, समजूत मात्र मागे राहिली.

आज दांड्याभोवती जे सील असतं ते ऑस्ट्रियन अभियंता वाल्थर झिमर याच्या नावाने ओळखलं जातं. जर्मनीतल्या फ्रॉयडेनबर्ग या चामडं कमावणाऱ्या कंपनीने ते १९२९ मध्ये आणलं. ओठ चामड्याचा, आणि त्याला दांड्यावर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. १९३६ च्या सुमारास चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. रचना आजही तीच आहे, रबर मात्र बदलत गेलं. साधं नायट्राइल शंभरेक अंशांपर्यंत निभावतं, अॅक्रिलिक दीडशेच्या आसपास, फ्लोरोरबर दोनशेपर्यंत. दुकानात दिसायला एकसारखी दोन सीलं निम्म्या-दुप्पट किमतीला मिळतात त्यामागे पुष्कळदा हा रबराचा फरक असतो. क्रँकच्या जागी नायट्राइलचं स्वस्त सील बसवलं तर ते पहिल्या वर्षी कोरडं राहील आणि पुढे कडक होईल.

रबर कडक होतं ते उष्णतेने आणि काळाने. रोज तापणं आणि निवणं यात पॅकिंग दबलेल्या आकारातच गोठतं, परत फुगून फट भरण्याची त्याची ताकद जाते. म्हणून दहा-बारा वर्षांच्या, कमी चाललेल्या गाडीलाही गळती लागते. "फक्त तीस हजार किलोमीटर झालेत" हे सांगून जुनी गाडी विकणाऱ्याने पॅकिंगांचं वय लपवलेलं नसतं, ते त्याच्या लक्षात आलेलं नसतं. घेणाऱ्याने लक्षात घ्यावं.

आता ज्या मुद्द्यासाठी हा आढावा घ्यायला घेतला त्याकडे येतो. पिस्टन रिंगा शंभर टक्के बंद कधीच नसतात. जळताना तयार झालेल्या वायूंचा थोडा भाग रिंगांवरून निसटून खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर काढलं नाही तर आत दाब साठतो आणि तो प्रत्येक पॅकिंग, प्रत्येक सील आतून ढकलू लागतो. जुन्या काळी एक नळी हा वायू सरळ रस्त्यावर सोडत असे. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या १९६१ च्या मॉडेलांपासून अमेरिकन कंपन्यांनी तो पुन्हा इंजिनाच्या श्वासात ओढून जाळायला सुरुवात केली. उद्देश धुरकं कमी करण्याचा होता. त्यासाठी जो छोटा व्हॉल्व्ह लागतो तो पीसीव्ही व्हॉल्व्ह. आपल्याकडे त्याला आणि त्याच्या नळीला मिळून ब्रीदर म्हणतात. तो काजळी आणि चिकट्याने तुंबला की गाडी बंद पडत नाही, कुठला दिवा लागत नाही, मालकाला काही कळत नाही. फक्त तेल बाहेर येऊ लागतं, सगळ्यात कमजोर जोडातून. तो जोड बदलला की त्याच्या खालोखाल कमजोर असलेल्या जोडातून.

एकामागून एक तीन सीलं बदलूनही गळती थांबली नाही, अशा गाडीत पहिला संशय या ब्रीदरवर घ्यावा. त्याची पहिली चाचणी फुकट आहे. गरम इंजिन आयडलला ठेवून तेल भरायचं झाकण काढायचं आणि तोंडावर पातळ कागद ठेवायचा. पेट्रोल इंजिनात कागद हलकेच ओढला जायला हवा, निदान जागेवर राहायला हवा. उडून गेला तर आत दाब आहे. डिझेलमध्ये ओढ कमी असते आणि थोडी फुंकर स्वाभाविक असते, पण झाकण थडथडत असेल तर नाही. साधा व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला तर आतली गोळी खडखडते. गप्प असेल तर तो अडकला आहे. ब्रीदर साफ करूनही दाब राहिला तर रिंगा झिजल्या आहेत, आणि मग पॅकिंगवर खर्च करण्याआधी कंप्रेशनची तपासणी करून घ्यावी.

नव्या इंजिनांत हा व्हॉल्व्ह अनेकदा टॅपेट कव्हरच्या आतच रबरी पडद्याच्या रूपात असतो. पडदा फाटला की उलट घडतं. आत ओढ फार वाढते, शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि सीलाचे ओठ त्या ओढीने खराब होऊ शकतात. हा भाग सुटा मिळत नसेल तर पूर्ण कव्हर बदलावं लागतं आणि बिल पाहून डोळे पांढरे होतात. तरीही मागचं सील बदलून पडदा तसाच ठेवण्यापेक्षा ते परवडतं. पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाखाली पिवळट साय धरते, ती इंजिन पुरतं न तापल्याने साठलेली वाफ असते. अशा गाडीचा ब्रीदर लवकर तुंबतो.

दाबाची शंका फिटली की शोधाचं काम. आधी इंजिन धुवायचं. रॉकेल किंवा डिग्रीजर आणि ब्रश, मग बेताचं पाणी. सर्व्हिस स्टेशनवरचा जोराचा फवारा थेट मारू नये. अल्टरनेटर, कॉइल आणि सेन्सरांच्या जोडांत पाणी शिरून नवं दुखणं उभं राहतं. कोरडं झाल्यावर गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून लगेच वर घ्यायची. ताजं तेल तेव्हा एका रेषेत दिसतं, दोन दिवसांनी ती रेष पसरलेली असते. संशयाच्या जोडावर टाल्कम पावडर भुरभुरली तर तेल पावडरीला पहिल्यांदा कुठे डागाळतं ते उघड दिसतं. इंजिनाच्या पाठीमागे, जिथे मान पोचत नाही, तिथे मोबाइलला जोडायचा लवचीक कॅमेरा कामाला येतो, आणि तो आता महाग राहिलेला नाही.

याहून सूक्ष्म गळतीसाठी तेलात घालायचा फ्लोरोसंट रंग मिळतो. थोडासा रंग घालून इंजिन चालवायचं आणि अंधारात अतिनील दिव्याने, पिवळा चष्मा लावून बघायचं. गळणारी जागा हिरवट-पिवळी चमकते. गॅरेजवाल्याकडे धूर यंत्र असेल तर इंजिन बंद ठेवूनच झाकणातून अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि तो कुठून डोकावतो ते पाहतात. दाब इथे कमीच हवा. गॅरेजातल्या कॉम्प्रेसरची नळी सरळ जोडली तर चांगली सीलंही उपटतील. मला रंगाची पद्धत सगळ्यात विश्वासाची वाटते, कारण ती गाडीला तिच्या रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेगात तपासते.

टॅपेट कव्हर हा वरचा मानकरी. चार बाजूंनी रबरी पॅकिंग, वर उष्णता, आणि आवळायला सोपे म्हणून प्रत्येकाने वाट्टेल तसे आवळलेले बोल्ट. इथली गळती फक्त फरशी खराब करत नाही. प्लगच्या विहिरींचं सील गेलं तर तेल आत साचतं आणि इंजिन मिस मारू लागतं. प्लग काढताना त्याच्या वरच्या टोकाला तेल दिसलं तर हेच समजावं. कव्हरच्या ज्या बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो त्या बाजूचा थेंब अधिक गंभीर. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट साधारण २०० ते २३० अंश असतो, आणि घाटात लोड घेतलेल्या पेट्रोल इंजिनाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांपुढे जातो. सिग्नलला थांबल्यावर जळक्या तेलाचा वास गाडीत येत असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नये. जनरल मोटर्सने २०१५ मध्ये ३.८ लिटरच्या व्ही-६ इंजिनाच्या सुमारे १४ लाख जुन्या गाड्या परत बोलावल्या, त्या नेमक्या या कारणाने. जोराचा ब्रेक मारला की तेलाचे थेंब तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत. त्याआधीच्या काही वर्षांत याच दोषासाठी गाड्या बोलावून दुरुस्त केल्या होत्या, आणि दुरुस्त झालेल्यांपैकी तेराशेहून अधिक गाड्यांना पुढे आग लागल्याचं निष्पन्न झालं होतं. बनवणाऱ्यालाही एकदा जमलं नाही इतका हा जोड हट्टी असू शकतो.

कव्हरखालोखाल ज्या जागा हमखास विसरल्या जातात त्यांत ऑइल प्रेशर स्विच पहिला. अंगठ्याएवढा भाग, दाबाच्या बाजूला बसलेला. त्याच्या आतला पडदा फुटला की तेल विजेच्या पिनेतून, कधी वायरच्या आवरणातून बाहेर येतं. कनेक्टर काढून आत बोट फिरवलं की एका मिनिटात उत्तर. या स्विचपायी चेंबर उतरवले जातात, याचं वाईट वाटतं. जुन्या मारुतींसारख्या डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाड्यांत त्याच्या बुडाची ओ रिंग अशीच गुपचूप गळते.

फिल्टरची गळती बहुधा माणसाने केलेली असते. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग ब्लॉकलाच चिकटून राहते, नवा तिच्यावरच चढतो, आणि दोन रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत. सर्व्हिसहून घरी येता येता तेल सांडत आलेल्या गाडीत आधी हे बघावं. रिंगेला तेलाचं बोट लावून, टेकल्यानंतर हाताने पाऊण फेरा एवढंच त्याला लागतं. ड्रेन बोल्टचं तसंच. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर दर वेळी बदलायचा असतो, जुन्यालाच जास्त आवळून गळती थांबवण्यात अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. आटे गेले की लेथवाल्याकडून आत नवी आट्यांची बुशिंग बसवून घेता येते. चेंबर फेकायची घाई नको.

पुढच्या बाजूला क्रँक आणि कॅमची सीलं. रबरी टायमिंग बेल्टच्या गाडीत त्यांची गळती घातक, कारण तेलाने भिजलेला बेल्ट दात सोडतो आणि बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. बेल्ट बदलायला इंजिनाचं तोंड उघडलंच असेल तर कोरडी दिसणारी सीलंही त्याच वेळी बदलून टाकावीत. मजुरी एकदाच पडते. टर्बोकडे जाणारी नळी दाबाची, परतीची नळी उताराची. परतीची तुंबली, किंवा आत दाब वाढल्याने तेल परतेना, तर तेच तेल टर्बोच्या सीलातून सुटून धूर करतं. टर्बो बदलून धूर न थांबलेल्या डिझेल गाडीत पुन्हा ब्रीदरकडेच यावं लागतं.

आणि सर्वांत मागे, इंजिन व गिअरबॉक्सच्या मध्ये, क्रँकचं मागचं सील. भाग काही शे रुपयांचा, काम दिवसभराचं, कारण गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. म्हणूनच त्याच्यावर आरोप ठेवण्याआधी वरचं सगळं कोरडं आहे याची खात्री हवी. बेल हाउसिंगमध्ये दिसणारं तेल टॅपेट कव्हरवरून आलेलं असू शकतं, कॅमच्या मागच्या बुचाचं असू शकतं, किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलाचं, आणि ते वासावरून ओळखू येतं. क्लच घसरत असेल तर मात्र प्लेटपर्यंत तेल पोचलं असण्याची शक्यता मोठी. गिअरबॉक्स उतरलाच तर क्लच, रिलीज बेअरिंग आणि जवळचे बूच तपासूनच परत चढवावा.

दुरुस्तीत कौशल्य साफसफाईचं असतं. जुन्या पॅकिंगचा कण, बोटाचं तेल, सिलिकॉनची जुनी पापडी राहिली तर सगळ्यात महाग पॅकिंगही गळेल. अॅल्युमिनियमवर पोलादी पाती किंवा ग्राइंडरची चकती फिरवली तर ओरखडे पडतात, आणि चकतीची धूळ बेअरिंगांत जाऊन त्यांना खाते. प्लास्टिकची पाती, सॉल्व्हंट आणि वेळ. पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टांपाशी दबून वाकलेली असते. ती सपाट पृष्ठावर ठेवून हातोडीने सरळ केल्याशिवाय नवं पॅकिंग बसवणं फुकट आहे. टॅपेट कव्हरच्या बोल्टांना साधारण आठ-दहा न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो, मनगटाच्या जोरापेक्षा पुष्कळ कमी, आणि तो मधून कडेला, आळीपाळीने द्यायचा. टॉर्क पाना हे लहान गॅरेजचं चैनीचं हत्यार मानलं जातं. मला ते पहिलं हत्यार वाटतं.

बऱ्याच नव्या इंजिनांत चेंबरला पॅकिंगच नसतं, नळीतल्या सिलिकॉनची धार ओढून तो चिकटवतात. धार सुमारे तीन मिलिमीटरची, बोल्टाच्या भोकांच्या आतल्या बाजूने, कुठेही न तुटलेली. जास्त लावलं की जास्त पक्कं, ही समजूत महागात पडते. आत दबून आलेलं सिलिकॉन सुटून तेलाच्या जाळीत अडकतं, पंपाला तेल पोचत नाही आणि गळती बंद झालेलं इंजिन दाबाविना जाम होतं. शिवाय ते वाळायला वेळ लागतो. नळीवर २४ तास लिहिलेलं असताना संध्याकाळी गाडी हवी म्हणून मागे लागणारं गिऱ्हाईक त्या कामाचं नुकसान करतं.

सीलाच्या बाबतीत एक फरक माहीत असायला हवा. साध्या रबरी सीलाचा ओठ तेल लावून बसवतात. पण आता बऱ्याच इंजिनांत मागचं सील टेफ्लॉनच्या सपाट ओठाचं असतं, ते कोरड्या दांड्यावर कोरडंच बसवायचं असतं. फिरताना त्याचा पातळ थर दांड्यावर चढतो आणि त्यावरच ते बंद होतं. सवयीने तेलाचं बोट फिरवलं की ते पहिल्या दिवसापासून गळतं. जुन्या सीलाने क्रँकवर खाच पाडली असेल तर नवा ओठ त्याच खाचेत बसता कामा नये. तो एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवतात किंवा दांड्यावर कागदाइतकी पातळ पोलादी बाही चढवतात.

दुकानात "लीक स्टॉप"च्या बाटल्या मिळतात. त्यांत रबर मऊ करून फुगवणारी रसायनं असतात. कडक झालेल्या सीलाची किरकोळ झिरप त्याने काही महिने कमी होऊ शकते. फाटलेल्या पॅकिंगला, सुटलेल्या सिलिकॉनला, तुंबलेल्या ब्रीदरला त्याचा उपयोग नाही. जाड तेल घालण्याचा सल्ला याहून वाईट. ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० सांगितलंय त्यात २०डब्ल्यू-५० घातलं तर थंडीत ते वरपर्यंत उशिरा पोचतं आणि तेलाच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा अडखळते. गळती राहते ती राहतेच. वरच्या खुणेच्या पलीकडे तेल भरून ठेवणारेही आहेत. क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि बाहेर यायला तेलाला आणखी निमित्त मिळतं.

प्रत्येक ओलसरपणा दुरुस्त करावा असंही नाही. जोडावर धूळ धरून बसलेला तेलकट पट्टा, थेंब पडत नाही, डिपस्टिक दोन सर्व्हिसमध्ये हलत नाही. अशी गाडी पुसून ठेवावी आणि लक्ष ठेवावं. कुठलाही जोड उघडणं हीसुद्धा एक जोखीम असते. पण तेल मॅनिफोल्डवर, बेल्टवर किंवा क्लचवर जात असेल, किंवा दाबाच्या बाजूचं असेल, तर प्रमाण कितीही थोडं असो, थांबू नये.

थेंब कमी असला तरी तो रस्त्यावर पडतो, हेही विसरून चालणार नाही. उन्हाळाभर डांबरात मुरलेलं तेल पहिल्या पावसात वर येतं, आणि घाटाच्या वळणावर, सिग्नलच्या रेषेपाशी दुचाकी घसरतात. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली घातक संयुगं असतात. ते गटारात किंवा गॅरेजमागच्या मातीत ओतणं गुन्हा आहे. केंद्राच्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल उत्पादक आणि आयातदारांवर टाकणारी दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे. आपलं काढलेलं तेल कुठे जातं, हे गॅरेजवाल्याला विचारायला हरकत नाही.

काम झाल्यावर इंजिन पुन्हा एकदा धुवून घ्यावं, नाहीतर जुनं ओघळलेलं तेल आठवडाभर ठिबकत राहतं आणि चांगल्या दुरुस्तीवर शंका येते. फ्लोरोसंट रंग वापरला असेल तर तो पुढच्या तेलबदलापर्यंत आत राहू द्यावा. पाचेकशे किलोमीटरनंतर त्याच दिव्याने तोच जोड बघायचा, डिपस्टिकचा आकडा आधीच्या नोंदीशी ताडायचा, आणि पुठ्ठा पुन्हा एक रात्र गाडीखाली सरकवायचा.